तीन नंबरचा नट

माझ्या दाजींची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या तोंडाची सांगावी लागेल. कारण दाजींनी आयुष्यभर हातानं जे कमावलं, ते मी तोंडानं घालवलं. तेही चांगल्या भरल्या मैदानात, तीसएक माणसांसमोर, घसा फोडून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला भडक्या म्हणतात. नाव ठेवलं ते लग्नानंतर चौथ्या दिवशी. मी तेव्हा अकरावीत होतो. सायकलची चेन सारखी पडते म्हणून मी सायकललाच लाथ मारली आणि पाय सुजवून घेतला. दाजी नवे जावई, इस्त्रीचा शर्ट घातलेला. ते खाली बसले, चाक पाव बोट मागे सरकवलं, नट आवळला आणि म्हणाले, "भडक्या, लाथ मारायच्या आधी एकदा बघत जा." झालं. तेच नाव चिकटलं. बारसं आईबापांनी केलेलं, पण नाव चाललं ते दाजींचं.

ते पंपांच्या कारखान्यात टर्नर होते. सोळाव्या वर्षी मशीनांना तेल घालायला लागले आणि बघून बघून मशीनच शिकले. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं एक जुनं बोअरिंगचं मशीन त्यांनी घेतलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार नटांवर जमिनीत घट्ट बसवलं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन जिथे वरखाली धावतो, ती भोकं मोठी करायचं, गुळगुळीत करायचं ते मशीन. माझं गॅरेज तिथून दोन गल्ल्या सोडून. दाजी कापणार, मी बांधणार, अशी आमची जोडी. चौदा वर्षं चालली.

आम्ही शर्यतीची इंजिनं करायचो. मोठ्या शर्यती नव्हेत हो, हौशी लोकांच्या. महिन्यातला एक रविवार, गावाबाहेरची वापरात नसलेली विमानाची धावपट्टी, कडेला जुन्या टायरांच्या राशी. गाड्या पळवणारे कोण, तर एक दातांचे डॉक्टर, एक कापडवाला, एक गणिताचे मास्तर. घरच्या साध्यासुध्या गाड्या घ्यायच्या, त्यांची इंजिनं काढायची आणि त्यांना नाही नाही ते शिकवायचं. बोअर वाढवायचा, हलके पिस्टन घालायचे, हेडमधल्या वाटा घासून आरशासारख्या करायच्या, दोन कार्बोरेटर लावायचे. भाजी आणायला जाणारी गाडी मग अशी ओरडायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मला त्या ओरडण्याची नशा होती. दाजींना मापाची होती.

त्यांचं माप घेणं बघायला हवं होतं. ब्लॉक आणि रॉड आदल्या दिवशी शेडमध्ये आणून ठेवायचे आणि शेजारी मायक्रोमीटर. "एका हवेत झोपू देत त्यांना," म्हणायचे. लोखंड उन्हानं फुगतं, गारव्यानं आकसतं, म्हणून. मग प्रत्येक माप तीनदा. सकाळी चहाच्या आधी, दुपारी, संध्याकाळी. तिन्ही वेळा पेन्सिलीनं वहीत. तिन्ही सारखी आली तरच कापायला हात लावायचे. मी कुरकुरायचो, अहो दाजी, शर्यत या रविवारी आहे, पुढच्या वर्षी नाही! ते म्हणायचे, "घाईनं बांधलेलं इंजिन घाईनंच उघडावं लागतं." आणि पुन्हा चष्मा पुसायला घ्यायचे.

एवढी इंजिनं केली, पण त्या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. सायकल चालवायचे, तीही अशी की पायी चालणारे पुढे जायचे. शर्यतीला यायचे, पण ट्रॅककडे बघायचे नाहीत. कुंपणाला टेकून, डोळे मिटून उभे राहायचे. ऐकायचे. "दोन नंबरच्या झडपा जरा सैल आहेत," म्हणायचे. मी उघडून बघायचो, तर खरंच सैल.

आता ती नेलपॉलिश. इंजिनाच्या पोटात चार रॉड असतात. एका टोकाला पिस्टन, दुसऱ्या टोकानं ते क्रँकला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, धरून असतात आणि त्या टोकाला दोन दोन नट. म्हणजे आठ नट. शर्यतीच्या इंजिनाचा जीव त्या आठांत असतो. ते जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळायचे, तीन हातांत: पहिला हलका, दुसरा मध्यम, तिसरा पुरा. पुरा झाला की पाना 'टक' असा वाजतो. टक वाजला की त्या नटावर लाल नेलपॉलिशची रेघ. नट हलला तर रेघ मोडलेली दिसते. हे सगळेच करतात, पण दाजींचा नियम वेगळा होता. ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात ब्रश नाही. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं टक ऐकायचा आणि मगच रेघ मारायची. आवळणारा मी, रेघ मारणारे दाजी.

नेलपॉलिश मूळची ताईची. लग्नात कुणीतरी दिलेली, रंग भडक म्हणून तिनं कधी लावलीच नाही. ती संपली तसे दाजी स्वतः दुकानात जाऊन तसलीच बाटली आणायचे. दुकानातली बाई दर वेळी विचारायची, "वहिनींना लाल फार आवडतो वाटतं?" दाजी कानापर्यंत लाल होऊन हो म्हणायचे. खरं सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. ताईनं मात्र कधी एक बोट रंगवलं नाही.

तर तो शुक्रवार. नऊ वर्षं झाली.

दातांच्या डॉक्टरांचं इंजिन होतं. रॉडची मोठी भोकं दाजींनी स्वतः मापात आणली होती, चारही रॉड वजनाला ग्रॅमभरही इकडेतिकडे नाहीत असे घासले होते. शनिवारी इंजिन हळूहळू चालवून रुळवायचं, रविवारी शर्यत. शुक्रवारी दुपारी दाजींना डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. बरेच दिवस जवळचं वाचताना त्रास होत होता. जाताना गॅरेजच्या दारात थांबून म्हणाले, "मी येईपर्यंत खालचं तेलाचं चेंबर लावू नकोस, नट झाकले जातात. आठही मिळून करू." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

ते गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. इंजिन उलटं टांगलेलं, सगळं समोर मांडलेलं, आणि मी काय माशा मारत बसू? एक आणि चार नंबरचे नट मी तिन्ही हातांनी आवळले. टक, टक, टक, टक. रेघाही मीच मारल्या. मग क्रँक फिरवला, दोन आणि तीन नंबर वर आले. त्यांना पहिला हलका हात दिला. तेवढ्यात बाहेर हॉर्न. डॉक्टर आले होते. नेलपॉलिशची बाटली उघडी, ब्रश सुकत चाललेला. मी म्हटलं, रेघा मारून ठेवू, वाळतील तोवर. पुरा हात आल्यावर देऊ. आणि उरलेल्या चारांवर रेघा ओढून बाहेर गेलो.

बाहेर मी तासभर फुशारक्या मारल्या. हे इंजिन असं आणि तसं, कापडवाला धूळ खाईल धूळ. परत आलो तर आठही नट लालचुटुक. बघून इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू! मीच मारलेल्या रेघांनी मलाच फसवलं. मी चेंबर लावलं.

संध्याकाळी दाजी आले. नवा चष्मा मिळणार म्हणून खूश होते. "नंबर वाढलाय फक्त, बाकी डोळे ठणठणीत," म्हणाले. मग इंजिनाकडे बघितलं.

"लावलंस?"

"लावलं."

"आठही टक ऐकलेस?"

इथे माझ्या मनात काहीतरी अडखळलं. अगदी पुसट. चार टक कानात होते, पुढचे चार आठवेनात. पण रेघा तर होत्या ना! मी म्हटलं, "ऐकले."

"उघडून एकदा बघू या का? अर्धा तास लागेल."

आणि मी भडकलो. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा? चौदा वर्षं पाने फिरवतोय मी! तुमची तीन तीनदा मापं मी कधी तपासली?" दाजी म्हणाले, "बरं बाबा, राहिलं," आणि हात धुवायला गेले. दाजींचं हेच. समोरच्याचा आवाज चढला की ते खाली उतरायचे.

रविवारी सहाव्या फेरीत तीन नंबरचा रॉड सुटला. मी तो आवाज अजून विसरलेलो नाही. लोखंडी घणाचे दोन घाव आणि मग काहीच नाही. रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला, तेल मागच्या चाकांखाली सांडलं, गाडी तीनदा गरगरली आणि टायरांच्या राशीत घुसली. डॉक्टर बाहेर आले ते चालत आले, पण पांढरेफटक पडले होते. त्यांची बायको कुंपणापाशी खाली बसली होती, तिला उठता येईना.

सगळे जमले. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "इंजिन कुणी बांधलं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ओरडलो, "बांधलं मी, पण रॉडचं भोक कुणी कापलं ते विचारा! माप तंग राहिलं असणार, बेअरिंग धरलं असणार. दाजींना दिसत नाही हल्ली. परवाच डोळे दाखवून आलेत, विचारा त्यांनाच!"

असं बोललो मी. घरातलं माणूस डोळे तपासायला गेलं, ते मी भर मैदानात त्याच्या तोंडावर फेकलं.

दाजी कुंपणापाशी होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच राहिलं असेल." आणि डॉक्टरांच्या बायकोपाशी जाऊन हात जोडून उभे राहिले. तिनं तोंड फिरवलं.

तिथे मला खरंच वाटत होतं की चूक त्यांची आहे. निदान मी स्वतःला तसं पटवलं होतं. सोमवारी ती सोय राहिली नाही. गॅरेजचं दार लावून मी एकट्यानं इंजिन उघडलं. चेंबरच्या तळाशी, तेलाच्या गाळात, एक नट पडला होता. अख्खा. आटे स्वच्छ, एकही मोडलेला नाही, कडेला लाल रेघेचा अर्धा तुकडा. तुटलेला नट निराळा दिसतो, ओढलेला निराळा दिसतो. हा नुसता फिरत फिरत निघून आला होता. दोन नंबरचे नट तेवढे जागेवर होते. त्यांना पाना लावला. पाव फेरा फिरला, आणखी पाव फेरा फिरला, तेव्हा कुठे टक वाजला.

गॅरेजमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? नट पुसला, बामच्या रिकाम्या डबीत टाकला, डबी हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवली. ब्लॉक भंगारात दिला. म्हटलं, दोन-चार दिवस जाऊ देत, वातावरण निवळू दे, मग सांगू. दोन-चार दिवसांची नऊ वर्षं झाली.

दाजींनी त्या आठवड्यातच मशीनवर चादर टाकली. लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाईक येणार, अर्धा इंची नट मागणार, दाजी खोक्यातून काढून देणार. तेही आधी शेजारच्या पोराला दाखवून, "बघ रे, अर्धाच आहे ना?" ज्या माणसानं केसाच्या दहाव्या भागाचं माप घेतलं, तो अर्ध्या इंचाचा नट दुसऱ्याला दाखवून द्यायचा. मी एकदा दुकानात गेलो होतो तेव्हा माझ्यासमोर हे झालं. मी काही न घेताच बाहेर आलो.

माझं मात्र बरं चाललं होतं. संगणकावर चालणारं मशीन असलेला एक कारखाना मी धरला, बोअरिंग तिथून करून घ्यायला लागलो. लोक मला मानानं विचारायला लागले. ताईकडे सणावाराला, आजारपणाला जायचो, जेवायचो. दाजी वाढून घ्यायला आग्रह करायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसा तो घास घशात फिरायचा, पण मी जेवायचो. भरपेट जेवायचो. लाज वाटते सांगायला.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "भंगारवाला शनिवारी चार वाजता येतोय मशीन न्यायला. जमिनीतले नट गंजलेत, ह्यांना नाही सुटायचे. तू ये."

मी गेलो. शेडमध्ये चादर काढलेली होती. मशीनला धूळ नव्हती. दाजी रोज पुसत असणार, नऊ वर्षं, न वापरता. मी खाली बसलो, ते तेलाची बुधली घेऊन बाजूला उभे राहिले. पहिला नट सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला मी जोर लावत होतो, तेव्हा दाजी वरून म्हणाले, "बरंच झालं जातंय ते. ते डॉक्टर त्या दिवशी गेले असते तर रे?"

मी वर बघितलं नाही.

"सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच आठवतं," ते म्हणाले. "त्यांची बायको खाली बसलेली. मी वहीत बघितलं नंतर. तिन्ही वेळा माप बरोबर लिहिलंय. म्हणजे तिन्ही वेळा चुकीचं वाचलं मी. एक माणूस मारला असता मी, भडक्या."

आता काय सांगू! नऊ वर्षं मी समजत होतो की मी त्यांचा धंदा घालवला, नाव घालवलं. तेवढ्याचीच लाज घेऊन हिंडत होतो. हा माणूस रोज सकाळी उठून स्वतःला खुनी समजत होता, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हातातला पाना खाली ठेवला. डबी खिशात होती. घरून निघताना घातली होती. सांगायला घातली होती की मशीनबरोबर भंगारात टाकून द्यायला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

डबी उघडून त्यांच्या हातात दिली. "तीन नंबरचा आहे," म्हटलं. "चेंबरमध्ये सापडला होता. मी पुरा हात दिलाच नव्हता, दाजी. रेघ आधी मारली."

दाजींनी नट बाहेर काढला. दारापाशी उजेडात गेले. चष्मा वर सरकवून नट डोळ्याजवळ नेला, आटे बघितले, त्या लाल तुकड्यावरून नख फिरवलं. बराच वेळ. मग विचारलं, "दोन नंबरचे किती फिरले?"

"अर्धा फेरा. मग टक."

"अर्धा," ते म्हणाले. ओठ हलवत हिशेब केला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हणजे माप बरोबर होतं!" ते म्हणाले, आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का! अगं ये इकडे! माझं माप बरोबर होतं! तिन्ही वेळा बरोबर होतं!" पास झालेलं पोर घरात धावत येतं ना, तसा आवाज. दाजींचा इतका मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो. दोन मुस्काटात बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ह्या आनंदाला कुठे तोंड दाखवायचं ते मला कळेना.

ताई दारात आली. तिनं दाजींकडे बघितलं, नटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागत नाही, लहानपणापासून.

"तू म्हणालास म्हणून," ती म्हणाली. ओरडली नाही. "माझा भाऊ म्हणाला ह्यांना दिसत नाही, म्हणून मी ह्यांची सायकल विकली. नऊ वर्षं रस्ता हात धरून ओलांडायला लावला. परवा शर्टाचं बटण लावायला बसले होते, मी हातातून सुई काढून घेतली. लागेल म्हटलं. डोळ्यांचे डॉक्टर दर वर्षी सांगतात डोळे चांगले आहेत, मी म्हणते डॉक्टरांना काय कळतंय, माझा भाऊ ह्यांच्याबरोबर चौदा वर्षं काम करत होता." आणि ती आत निघून गेली.

दाजी हसायचे थांबले होते. नट मुठीत होता.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी. उघडलं तेव्हा."

"म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी."

"हो."

"मग मंगळवारी का नाही आलास?"

भीती वाटली म्हणू? नाव जाईल म्हणून घाबरलो म्हणू? ते बुधवारचं झालं, गुरुवारचं झालं. नऊ वर्षांत मंगळवार किती आले ते मोजा. मी जमिनीवर बसून राहिलो आणि रडलो, आणि दाजींनी पाठीवरून हात फिरवला नाही. नेहमी फिरवतात. त्या दिवशी नाही फिरवला, आणि बरोबर केलं.

चार वाजता टेम्पो आला. दाजी बाहेर जाऊन भंगारवाल्याला म्हणाले, "मशीन द्यायचं नाही." तो कुरकुरला, फेरी फुकट गेली म्हणाला. दाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "काढलेले नट लाव परत." मी लावले. प्रत्येक नट झाला की ते खाली वाकायचे, माझ्या हातून पाना घ्यायचे आणि स्वतः ओढून बघायचे. दोन्ही नट, आणि अर्धवट ढिला झालेला तिसराही. एकाही वेळी मला विचारलं नाही की झालं का.

निघताना म्हणाले, "उद्या शर्यतीचा रविवार आहे. मैदानावर चल. जिथे बोललास तिथेच बोल. आणि तेवढ्याच मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताई आली नाही. चालकांना सूचना द्यायला सगळे सकाळी जमतात, तेव्हा मी पुढे झालो. हौशी मंडळी, नवी नवी, रंगीत हेल्मेटं काखेत धरलेली. जुन्यांपैकी दातांचे डॉक्टर तेवढे होते. आता गाडी चालवत नाहीत, घड्याळ धरून बसतात. सेक्रेटरी वारले. मास्तर मुलाकडे राहायला गेले. मी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. नट आवळला नव्हता, रेघ आधी मारली होती, सोमवारी कळलं होतं, खोटं बोललो होतो. दाजींचं माप बिनचूक होतं, दाजींचे डोळे बिनचूक होते. तेवढ्याच मोठ्यानं बोललो.

डॉक्टर खुर्चीतून उठले. घड्याळ त्यांच्या हातात तसंच चालू राहिलं.

मला वाटलं, आता शिव्या पडतील, नालायक म्हणतील, गॅरेजकडे कुणी फिरकणार नाही. पडू देत. पण ती पंचवीस-तीस पोरं एकमेकांकडे बघत होती. शेवटी एक जण, पिवळ्या हेल्मेटवाला, अगदी अदबीनं म्हणाला, "सर, माफ करा, पण हे दाजी म्हणजे कोण?"

चौदा वर्षांत ह्या मैदानावर जे जे पळालं, त्यातलं निम्मं ज्यांच्या हातचं होतं, त्यांचं नाव त्या पोरांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी ते इतकं पुसलं होतं की आता परत लिहायला पाटीसुद्धा उरली नव्हती.

माझ्या शेजारी, शाळेत हजेरीला करतात तसा, दाजींनी हात वर केला.

"मी," ते म्हणाले. "मी बोअरिंग करायचो."